चटईएवढा उजेड

भर दुपारी बारा वाजता केरबाने दुकानाचं शटर खाली ओढलं. खालच्या फटीतून उन्हाची रेघ आत येत होती, तीही त्याने एक जुनं पोतं सारून बुजवली. सांगलीच्या बसस्थानकामागच्या बोळातल्या त्या सायकलच्या दुकानात मिट्ट काळोख झाला. रबराचा आणि तेलाचा वास एकदम वाढल्यासारखा वाटला.

आत तिघं होती. दुकानाचा मालक केरबा, त्याची जुनी गिऱ्हाईक शालन आणि शालनचा नवरा धनपाल. अंधार होताच धनपालचा हात चाचपडत पुढे आला आणि त्याने काउंटरची कड घट्ट धरली. ते शालनला दिसलं नाही, पण हातभर अंतरावरून तिला ते कळलं. तिने त्याचा हात धरला नाही. धरलेला त्याला आवडला नसता.

"पाटील, आता काय दिसतंय?" केरबाने धनपालला विचारलं.

"काय न्हाई. काळं."

"मग परीक्षक तुमीच. डोळसाला कसलाबी लाईट दावा, त्यो व्हय म्हनतोय."

धनपाल अंधारात हसला. ते हसू ऐकून शालनच्या जिवात जीव आला, कारण दुकानात आल्या आल्या धनपालने स्वतःच्या तोंडाने केरबाला जे सांगितलं होतं, ते सोळा वर्षांत त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

धनपालला रात्री दिसत नसे. दिवसा दाण्यातला खडा तो वेचून काढी, पण दिवस बुडाला की त्याचं जग अंगणातल्या बल्बच्या उजेडापुरतं उरे. डोळ्याच्या आतला पडदाच कमकुवत आहे, औषध नाही, पण दिवसाच्या नजरेला धोका नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरी आल्यावर धनपालने ते कागद कपाटात खाली घातले आणि गावात सांगून टाकलं की आपल्याला लवकर झोप येते. भजन, बैठक, वरात सगळं सुटलं. लोक म्हणू लागले, धनपाल बायकोच्या पदराला बांधलाय. त्याने तेही ऐकून घेतलं. आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटत असावं. शालनने कधी विचारलं नाही.

त्यांचा मळा कसबे डिग्रजच्या शिवारात, डांबरी सडकेपासून बराच आत. मुलगी ब्राह्मी शिरवळला एका कंपनीत नोकरीला. घरात ही दोघंच. शालन चौदा वर्षं सांगलीतल्या एका धर्मादाय डायलिसिस केंद्रात मदतनीस म्हणून काम करत होती. चादरी बदलणं, पेशंटचं वजन करून लिहून ठेवणं, चार तास एका जागी पडून कंटाळलेल्या माणसाच्या पाठीला उशी लावणं, असलं काम. रोज सकाळी सायकलने जायची, रोज उन्हं उतरायच्या आत परत. त्यांच्या घरात सूर्यास्ताच्या आत जेवायची रीत होती, आणि संध्याकाळी पडवीत समोरासमोर बसून जेवणं हा त्या दोघांच्या दिवसाचा शेवट असे.

दिवाळीनंतर केंद्राने संध्याकाळची तिसरी पाळी काढायचं ठरवलं. दिवसा कामधंदा करणाऱ्या पेशंटांसाठी ती पाळी होती. केंद्राच्या प्रमुख संयोगिता सिस्टर मूळच्या कोरेगावच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी सगळ्या मदतनीस बायकांना विचारलं. सांगलीत राहणाऱ्या दोघींनीही नकार दिला. मदतनीस मिळाली नाही तर पाळी सुरू होणार नव्हती. शालनने यादी बघायला मागितली, आणि पहिलंच नाव केरबाचं निघालं.

चौदा वर्षं तिच्या सायकलची पंक्चरं काढणारा केरबा. दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोन सकाळी तो मशीनला लागे, तेवढ्या सकाळी दुकान बंद, आणि बंद दुकानाची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळत होती. संध्याकाळची पाळी मिळाली तर दुकान वाचत होतं. शालनने यादी परत दिली आणि आपण येऊ म्हणून सांगितलं. घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की परतायला रात्रीचे साडेनऊ वाजणार आहेत.

ब्राह्मीने दुसऱ्याच दिवशी मोबाइलवरून लाईट मागवून दिला. दिसायला झकास, चांदीसारखा चकचकीत. दहा-बारा दिवस तो बरा चालला. मग एका रात्री, कॅनॉल ओलांडून शालन उसाच्या दोन फडांमधल्या सडकेवर आली असताना तो एकदम विझला. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर घेऊन आला. त्याच्या दिव्यांनी तिचे डोळे दिपले, आणि तो गेल्यावर काहीच दिसेना. मागून दुसरा येत असल्याचा आवाज आला. त्या ट्रॅक्टरवाल्याला आपण दिसत नाही, एवढंच तिच्या ध्यानात आलं. तिने सायकल कडेला घातली, चाक डांबराच्या कडेवरून घसरलं आणि ती सायकलसकट चरीत गेली. ट्रेलर तिच्या डोक्यावर पाचोळा उडवत पुढे गेला. गुडघा फुटला होता. डबा कुठे गेला ते सापडलं नाही. मोबाइलच्या उजेडात ती उरलेली वाट चालत आली.

मळ्यात धनपाल उभा होता. अंगणातल्या बल्बचा उजेड जिथे संपतो, बरोबर तिथे, गोठ्याच्या खांबाला धरून. तासभर तरी उभा असावा. त्याच्या पुढे एक पाऊल त्याला टाकता येत नव्हतं. बायको कुठल्या चरीत पडली असेल या विचाराने त्याचं काय झालं असेल, ते त्याने खांब धरला होता त्यावरूनच तिला कळलं. पाणी तापवून त्याने गुडघा धुतला, हळद भरली.

सकाळी तो धार काढत असताना शालनने सांगितलं, की सिस्टरना आजच कळवते, दुसरी बाई बघा म्हणून.

धनपालने धार थांबवली नाही. "काम सोडायचं कारन काय?" तो म्हणाला. "लाईट वाईट निघाला, एवढंच न्हवं? मग चांगला घिऊया. मी येतो संगं. अंधारातलं माझ्याएवढं कुनाला कळतंय?"

असं करून ती दोघं केरबाच्या दुकानात आली होती, आणि म्हणून शटर खाली होतं.

केरबाने पहिल्यांदा डायनामो काढला. तो त्याचा लाडका. बॅटरी नको, चार्जिंग नको, पायात जोर आहे तोवर उजेड. सायकल स्टँडवर चढवून त्याने पायडल फिरवलं, तसा पिवळा उजेड भिंतीवर चढला. पायडल थांबलं, उजेड मेला. शालनने विचारलं, रस्त्यात ट्रॅक्टरला वाट द्यायला थांबलं तर? नदीवरच्या पुलाच्या चढाला डायनामोने चाक जड जातं, याची आठवणही तिनेच त्याला करून दिली. त्याने नाइलाजाने डायनामो बाजूला ठेवला.

मग त्याने एक मोठा गोल लाईट लावला. त्याच्या खोक्यावर एक आकडा आणि त्यापुढे बरीच शून्यं होती. पलीकडच्या भिंतीवर पांढराशुभ्र गोळा पडला, इतका झगझगीत, की शालनला तोच आवडला.

"पाटील?"

"भिंतीवर बशी दिसती," धनपाल म्हणाला. "बशीच्या भायेर काय हाय?"

"काय न्हाई," केरबा म्हणाला.

"आन खड्डा बशीच्या भायेर असला तर?"

केरबाने तो लाईट बंद केला आणि फळीवरून तिसरा काढला. काळा, ठेंगणा, साबणाच्या वडीएवढा. कुणी वळून बघणार नाही असा. त्याच्या काचेवर उभ्या रेघा होत्या. केरबाने तो सायकलला बसवून जरा खाली झुकवला आणि बटण दाबलं.

उजेड भिंतीवर बशीसारखा पडलाच नाही. तो जमिनीवर पसरला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मऊ आणि सारखा. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तो सरळ रेघेत तुटला होता, वरचा अंधार जसाच्या तसा.

धनपालने काउंटर सोडलं. शालनने ते बघितलं. तो एक पाऊल पुढे आला, हवेच्या पंपावरून पाय उचलून पलीकडे टाकला, एका टायरला वळसा घातला, खाली वाकला आणि जमिनीवर पडलेला पाना उचलून केरबाच्या हातात दिला.

"चटई आंथरल्यागत हाय," तो म्हणाला. "ह्यो बरा."

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शटर बडवलं आणि पंक्चर काढायचंय म्हणून ओरडलं. आत तपासनी चालू हाय, जरा दम धर, असं केरबाने आतूनच सांगितलं. डोळ्याची का सायकलची, असं बाहेरच्याने विचारलं. यावर धनपालच आधी हसायला लागला. शालनने त्याला इतकं मोकळं हसताना फार दिवसांनी ऐकलं.

शटर वर गेल्यावर बॅटरीचं निघालं. केरबाचं म्हणणं पडलं, की आत कायमची बसवलेली बॅटरी घेऊच नका, ती मेली की सगळा लाईट फेकायचा. या काळ्या लाईटात सेल काढता-घालता येत होता. त्याने धनपालच्या तळहातावर दोन सेल ठेवले. दोन्ही एकाच मापाचे. एकावर क्षमतेचा मोठा आकडा छापलेला, दुसऱ्यावर त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा.

"आकडा वाचू नका. वजन बघा."

धनपालने हात वर-खाली केला. मोठ्या आकड्याचा सेल पोकळ शेंगेसारखा हलका लागत होता. लहान आकड्याचा भरीव. त्याने भरीव ठेवून घेतला आणि तसाच आणखी एक मागितला, एक लाईटात, एक पिशवीत. ब्राह्मीने पाठवलेल्या लाईटातला सेल शालनने काढून आणला होता. केरबाने तो नुसता हातात धरला आणि परत दिला. लेकीला बोलू नका, तिनं जीव लावूनच धाडलाय, एवढंच तो म्हणाला.

मागच्या तांबड्या लाईटवरून दोघांचा थोडा वाद झाला. शालनला उघडझाप करणारा हवा होता, लांबून लक्ष जातं म्हणून. केरबाने समजावलं, की उघडझाप लगेच दिसते, पण ती किती लांब आहे ते मागच्या गाडीला कळत नाही. तांबडा स्थिर ठेव, आणि पायडलला चमकणारी पट्टी लाव, ती खाली-वर होताना दिसली की माणूस ओळखू येतं. शालनने ऐकलं. सगळ्याचं बिल तिने मनात धरलं होतं त्याच्या आतच आलं. केरबा पैसे घेईना, पण तिने काउंटरवर ठेवले. मशीनला लावताना मी दंडाला हळू धरते का जोरात ते लक्षात ठेवा, असं ती म्हणाली, तेव्हा त्याने मुकाट्याने उचलले.

त्या संध्याकाळी मळ्याच्या वाटेवर धनपालने तिला चार चकरा मारायला लावल्या. तो अंगणाच्या टोकाला समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या जागी उभा राहिला, आणि डोळ्यांवर उजेड येतोय म्हणून प्रत्येक वेळी लाईट केसभर खाली करायला लावला. चौथ्या चकरेला तो म्हणाला, आता ठीक. आणि मग, तू कॅनॉलपातूर गेलीस तरी मागचा तांबडा दिसत हुता मला. बारीक, पर दिसत हुता.

दुसऱ्या दिवसापासून शालन या लाईटावर रात्रीची येऊ लागली. पहिल्या आठवड्यात ती फक्त रस्ता बघत होती. खड्डे, कडा, खडी. मग हळूहळू मान वर झाली. आपण चौदा वर्षं हाच रस्ता तुडवला, पण तो निम्माच बघितला, असं तिला वाटू लागलं. आयर्विन पुलावरून कृष्णेचं पाणी काळं आणि स्थिर दिसे, काठावरचे दिवे त्यात उलटे टांगलेले. सांगलीवाडी सोडली की थंडी अंगाला लागे. एका गुऱ्हाळावर रात्री गुळाची काहील उतरत असे, त्या टापूत आल्यावर ती पायडल मारणं थांबवून नुसती वाहत जाई, वास संपेपर्यंत. ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांपुढे चुली विझत आलेल्या असत आणि एखादी बाई लेकराला झोपवत गुणगुणत असे. विजेच्या एका खांबावर एक पिंगळा, बारकं घुबड, ठरलेला. तो तिच्याकडे मान वाकडी करून बघे. पुढे पुढे शालनच त्याला हाक मारू लागली. उजेडाची चटई तिच्यापुढे उलगडत जाई, आणि मागे अंधार मिटत येई. पन्नाशीला आलेल्या त्या बाईला कधीकधी एवढा आनंद होई, की ती उगाच घंटी वाजवी.

घरी आली की धनपाल विचारी, "आज काय काय?"

संध्याकाळचं एकत्र जेवण मोडलं होतं. ती केंद्रावरच साडेपाचला डबा खाई, तो पडवीत एकटा जेवे, आणि समोरची जागा रिकामी असे. ते दोघांनाही लागलं होतं. पण आता झोपण्याआधी अर्धा तास शालन त्याला रात्र सांगे. पिंगळा आज नव्हता. कोप्यांपुढे आज नवी बैलगाडी होती. नदीवर धुकं होतं. धनपाल डोळे मिटून ऐके. सोळा वर्षांपूर्वी गावाबाहेरची रात्र त्याच्यापुरती बंद झाली होती. ती आता रोज थोडी थोडी घरी येत होती.

केंद्रात केरबा मशीनला पडल्या पडल्या चौकशी करी. सेल किती दिवस पुरतो, पुलावर वारं आलं तर लाईट हलतो का. संयोगिता सिस्टर म्हणत, इथं रक्तदाबाची चौकशी कुणी करत नाही, बॅटरीची करतात. त्याचं दुकान आता रोज सकाळी उघडं असे.

जानेवारीत डिग्रजमध्ये कबड्डीचे सामने लागले. रात्रीचे, मोठ्या दिव्यांच्या उजेडात. धनपाल एके काळी पंचक्रोशीत नाव असलेला चढाईवाला होता, हे शालनला तिच्या सासूने सांगितलं होतं. दर वर्षी सामने लागले की तो म्हणे, हल्लीची पोरं गादीवर खेळतात, त्यात काय बघायचं. आणि दर वर्षी मळ्यापर्यंत येणारा शिट्ट्यांचा आवाज ऐकत तो अंगणात बसे.

या वेळी रविवार होता, शालनची सुट्टी. दोघांनी उन्हं उतरायच्या आत एकत्र जेवून घेतलं. मग ती म्हणाली, "चला, कबड्डी बघू."

"कसं?"

"मी चालवते. तुमी मागं बसा."

धनपाल लाजला. बायको सायकल हाणतीय आन नवरा कॅरेजवर, समदा गाव बघंल, असं तो म्हणाला. शालनने सांगितलं, अंधार आहे, कोण बघतंय? तो हसत हसत शर्ट बदलायला गेला.

मैदानावर लख्ख उजेड होता, दिवसासारखा. सायकलवरून उतरताच धनपालला सगळं दिसलं, पांढऱ्या रेघा, पोरांच्या मांड्या, पंचाच्या गळ्यातली शिट्टी. मैदान त्याच्यासाठी कधी काळोखात नव्हतंच. काळोखात होती ती घरापासून मैदानापर्यंतची वाट. कडेला बसलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंत नानासो होता, धनपालच्या जुन्या संघातला. त्याने धनपालला बघितलं आणि उभाच राहिला.

"गड्या धनपाल, इतकी वर्सं कुठं हुतास रं?"

शालनला वाटलं, आता झोपेचं कारण येणार.

"मला रातचं दिसत न्हाई, नानासो," धनपाल म्हणाला. "लय वर्सं झाली."

नानासोने शेजारच्याला सरकायला सांगितलं, आपली पुढची जागा धनपालला दिली आणि स्वतः मागे बसला. पुढचे दोन तास धनपाल गुडघ्यावर हात आपटत, पोरांना हाका मारत, पंचाशी भांडत होता. शालन बायकांच्यात बसून खेळाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत होती.

सामने संपल्यावर ती दोघं निघाली. गावातली गर्दी ओलांडली, डांबरी सडक संपली, मळ्याकडची मातीची वाट लागली. दोन्हीकडे ऊस, वाटेवर चिटपाखरू नाही. धनपालने तिला थांबायला सांगितलं.

"आता मी चालवतो. तू बस मागं."

तिने हँडल त्याच्या हातात दिलं आणि कॅरेजवर बसली.

सुरुवातीला सायकल डगमगली. मग सावरली. काळ्या लाईटाचा उजेड वाटेवर पसरला, चाकोऱ्या, गवत, एक दगड. धनपालने दगड चुकवला. शालनने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, त्या हाताला त्याचा श्वास लागत होता. तो हळू चालवत होता, अगदी हळू, आणि मधेच त्याने पुढे कुणी नसताना घंटी वाजवली.

डाव्या हाताला त्यांच्या मळ्याचं वळण आलं. अंगणातला बल्ब उसाच्या तुऱ्यांमधून दिसत होता. शालन वळायच्या तयारीत बसली. पण सायकल वळली नाही. वळण मागे गेलं, बल्ब मागे गेला, आणि वाट पुढे सरळ कॅनॉलकडे निघाली.

त्याला ते दिसलं नाही, की दिसूनही तो वळला नाही, हे शालनने विचारलं नाही. तिने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला आणि गाल त्याच्या पाठीला टेकवला.